बारा वाजून दोन मिनिटांची हाक

१

साहेबरावांना जाऊन तीन महिने झाले होते आणि त्यांच्या नावानं जपानहून एक कार्ड आलं.

ते कार्ड घेऊन त्यांची मुलगी बुद्धप्रिया भर दुपारी माझ्या दारात उभी राहिली. हदगावला नर्स आहे ती. अंगावर ड्यूटीचेच कपडे होते. एप्रिलच्या उन्हात नांदेडच्या बसस्टँडपासून चालत आली होती, तरी पाणी घेतलं नाही. जयभीमसुद्धा केला नाही.

"नागसेनकाका, त्या रविवारी बारा वाजता तुम्ही अन् भुजंगकाका वरच होता न्हाई का?"

वर म्हणजे किनवटच्या जंगलातल्या टेकडीवर. होतो की, म्हटलं.

"मग हे वाचा."

आम्ही हॅम रेडिओवाले. सरकारी परवाना काढून, घरच्या सेटवरून जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलणारे. मोबाइलच्या जमान्यात हे खूळ कशाला, असं माझी बायको विचारते आणि मला आजवर धड उत्तर देता आलेलं नाही. संपर्क झाला की दोघांनी आपापल्या वहीत नोंद करायची आणि एकमेकांना कार्ड धाडायचं, ही आमची रीत. काही जण नुसतेच ऐकतात. त्यांच्याकडे बोलायचा परवाना नसतो. पण तेही कार्ड पाठवतात, की तुम्हाला अमुक वेळी ऐकलं, खरं असेल तर कळवा.

हे कार्ड अशाच एका ऐकणाऱ्याचं होतं. वय एक्याऐंशी, राहणार होक्काइडो बेटावर. तारीख आमच्या टेकडीवरच्या मोहिमेची. वेळ १२:०२ ते १२:०७. मोर्स, म्हणजे तारेच्या कडकट्टची भाषा. आवाजाचा दर्जा ३३९, म्हणजे अगदी क्षीण. खाली थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, की तुम्ही लातूरच्या केंद्राला सारखं बोलावत होता, कुणी उत्तर दिलं नाही. भाषा मला कळली नाही, पण अक्षरं तीनदा आली म्हणून गळलेली जुळवता आली. बरोबर आहेत का, कृपया कळवावे.

त्याखाली रोमन अक्षरांची एक सलग ओळ होती. मी ती ओठातल्या ओठात वाचली.

छातीत दुखतंय गाडी पाठवा प्रियाला सांगा.

"मी लई बार वाचलं," बुद्धप्रिया म्हणाली. "बाबा छातीत दुखतंय म्हणून सांगून राहिले होते, अन् तुम्ही दोघं बाजूला बसून काय करून राहिले होते?"

तिचा राग मला कळत होता. दोन वर्षांपूर्वी साहेबरावांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. टेकडीवर जायला ती नकोच म्हणत होती. शेवटी, छातीत जरा जरी दुखलं तरी त्या क्षणी कळवीन, असा शब्द त्यांनी तिला दिला तेव्हा कुठं तिनं बॅग भरून दिली. आणि आमच्या क्लबच्या अहवालात काय होतं? 'शेवटचा संपर्क, सर्व ठीक असल्याचे कळवले.' त्या एका ओळीवरून सगळ्या नांदेडनं ठरवून टाकलं, की साहेबरावांनी मोहिमेतल्या सन्मानाच्या हव्यासापायी दुखणं लपवलं आणि टेकडीवर जीव घालवला. तिलाही ते पटलं. बापानं आपल्याला दिलेल्या शब्दापेक्षा सन्मानपत्राची एक फ्रेम मोठी मानली, म्हणून तिनं रेडिओ पोत्यात घातला, घरात त्यांचं नाव काढणं बंद केलं. सन्मानपत्र द्यायला आम्ही गेलो तेव्हा ती दारसुद्धा उघडायला आली नव्हती.

तो अहवाल मी लिहिला होता. क्लबचा सचिव मीच.

"प्रिया, आमच्या नोंदीत आपलं घड्याळ नसतं गं," मी म्हणालो. "सगळ्या जगाची एकच वेळ लिहायची असते. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. हे बारा म्हणजे दुपारचे बारा नाहीत. संध्याकाळचे साडेपाच आहेत. तेव्हा आम्ही किनवटमध्ये होतो."

क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि पुढच्याच क्षणी माझ्याच अहवालातली ती ओळ आठवली. 'सर्व ठीक' हा निरोप ज्या वेळचा होता, तीच ही वेळ होती.

२

असल्या वेळी आमच्या क्लबात एकाच माणसाकडं जायचं असतं. उमादेवी. पोलिसांच्या बिनतारी विभागात चौतीस वर्षं काढून आता जळकोटला राहतात. सत्तरी ओलांडली आहे, गुडघे गेले आहेत, पण कान शाबूत आहेत. बोलतात कमी. समोरच्याला मात्र बोलतं करतात आणि मग त्याचं बोलणं त्यालाच परत वाचून दाखवतात. मला त्यांची थोडी भीतीच वाटते.

दुसऱ्या दिवशी मी आणि बुद्धप्रिया त्यांच्या ओसरीवर बसलो. त्यांनी कार्ड नाकाजवळ धरून वाचलं, मांडीवर ठेवलं आणि त्या दिवशीचं सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

मी सांगितलं. साखळी सन्मानासाठी छत्तीस तास, दर तीन तासांनी, डोंगरावरच्या चमूनं घरच्या केंद्राशी संपर्क करायचा असतो. अशा बारा कड्या. एक तुटली की सगळं वाया. घरचं केंद्र लातूरला, आमच्या क्लबातल्या हरिओमच्या शिकवणीवर्गाच्या गच्चीवरच्या खोलीत. डोंगरावर मी, भुजंग आणि साहेबराव. वर मोबाइलला रेंज नाही, म्हणून अडचण आली तर लातूरला सांगायचं आणि लातूरनं किनवटला फोन करायचा, असं ठरलेलं.

रविवारी दुपारी अडीचला अकरावी कडी जुळली. तीनच्या सुमारास माइकची तार मुळापासून तुटली. जनरेटरचं डिझेलही तळाला गेलं होतं. माइक माझ्या पिशवीत टाकून मी आणि भुजंग जीपनं किनवटला निघालो. साहेबराव तारखात्यात तीस वर्षं होते. त्यांनी मोर्सची किल्ली पुढं ओढली आणि म्हणाले, शेवटची कडी मी बोटानं जोडतो, तुम्ही निवांत या. फार खुशीत होते. तीच त्यांची शेवटची आठवण आहे माझ्याकडं.

तारेला डाग देऊन जोडणारा कारागीर पाचपर्यंत दुकानात आलाच नाही. पावणेसहाला भुजंगनं हरिओमला फोन लावला. कडी जुळली, साखळी पूर्ण, सगळं ठीक आहे, असं कळलं. मग कसली घाई? आम्ही जिलबी खाल्ली. पाव किलो साहेबरावांसाठी बांधून घेतली. आठला वर पोचलो तेव्हा ते सेटशेजारी पडले होते. कानावर हेडफोन तसाच होता. डॉक्टरांच्या मते सातच्या आसपास प्राण गेला होता.

"किनवटहून वर जायला किती वेळ लागतो?" बुद्धप्रियानं विचारलं.

पाऊण तास, म्हटलं. तिनं मनात हिशेब केला, तो मला तिच्या चेहऱ्यावर दिसला. फोननंतर लगेच निघालो असतो तर साडेसहाला पोचलो असतो. ती नर्स आहे. त्या अर्ध्या तासाची किंमत तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"जिलबी," ती एवढंच म्हणाली.

उमादेवींनी तिचा हात हातात घेतला. "अव्वा, ऐक पोरी, तीन रस्ते हायत. एक, हे कार्ड खोटं. दोन, हरिओम खोटं बोलला. तीन, हरिओमनं फोनवर खरं तेच सांगितलं अन् भुजंगनं ते तुमच्यापासून लपवलं. जपानातल्या म्हाताऱ्याला तुझं घरातलं नाव कोण सांगणार? म्हणून पहिला रस्ता बंद."

मग त्यांनी साहेबरावांची वही मागितली. बुद्धप्रियानं ती पोत्यातून काढून आणली होती. शेवटच्या ओळीत १२:०० ही वेळ आणि लातूरचं नाव होतं. दर्ज्याचा रकाना कोरा होता. मी म्हणालो, की हे मी तेव्हाच पाहिलं होतं, भरायचं राहून गेलं असेल असं वाटलं.

"तारखात्यातला माणूस हाक मारताना वेळ लिहितो अन् उत्तर आल्यावर आकडा," उमादेवी म्हणाल्या. "राहून गेलं न्हाई. उत्तरच आलं न्हाई. आता तुझ्या अहवालातले हरिओमचे दर्ज्याचे बारा आकडे मोठ्यानं वाच."

त्याच्या वहीवरून ते मीच उतरवले होते. वाचले. एकोणसाठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न, एकोणसाठ. बाराव्या कडीपुढंही एकोणसाठ.

उमादेवींनी डोळे मिटून घेतले. "तो माइक कुठं हाय?"

घरी, त्याच पिशवीत. त्या दिवसापासून मी तिला हात लावला नव्हता.

"येताना घेऊन ये. अन् भुजंगला जीपसकट बोलाव."

३

भुजंग दोन दिवसांनी आला तो तापूनच. हदगावकडचा कापूस-सोयाबीनवाला मोठा शेतकरी, मनानं दिलदार, पण कुणी बोट दाखवलं की उसळतो. ओसरीवर बसायलाही तयार नव्हता. साहेबरावांना खांद्यावर घेऊन टेकडी उतरलो तो मी, आणि माझ्यावरच संशय? असं म्हणत तो अंगणात फेऱ्या मारत राहिला.

उमादेवींनी त्याला बोलू दिलं. तो थकल्यावर फोनवर नेमकं काय झालं ते विचारलं. भुजंगनं मोबाइलमधली जुनी नोंद शोधून दाखवली. पाच शेहेचाळीस, बत्तीस सेकंद.

"मी इचारलं, झाली का कडी? तर म्हणला झाली. साहेबराव कसे हायत? तर म्हणला ठीक हायत. मी म्हणलं जिंकलो गड्या, अन् ठिवला."

"नागसेन, तू हरिओमचा आवाज ऐकलास?"

नाही. मी कारागिराच्या पाटाजवळ उभा होतो. मला भुजंगचंच बोलणं ऐकू आलं. म्हणजे तिसरा रस्ता अजून उघडाच होता. भुजंगलाही ते उमगलं असावं. त्यानं एकदम बुद्धप्रियाकडं पाहिलं.

"पोरी, जिलबी मी घेतली हे खरं हाय. त्याच्यापायी मला झोप लागत न्हाई. पण तुझ्या बाबाचा निरोप मी दाबला न्हाई."

विश्वास ठेवायचा तर कुणावर, असा तिचा चेहरा होता.

"एकच सांग," उमादेवी म्हणाल्या. "माइक तुटला, हे तू हरिओमला फोनवर बोललास का?"

भुजंग विचारात पडला. "न्हाई. कशाला बोलू? बत्तीस सेकंदात कुठलं?"

"अन् नंतर?"

नंतर तर कुणीच नाही. प्रेत खाली आणायचं, पोलीस, दवाखाना, अंत्यविधी. त्यात तुटलेल्या माइकची कुणाला पडली होती? दोघांनीही शपथेवर सांगितलं, की ती गोष्ट आम्हा दोघांपलीकडं आजवर गेली नव्हती.

उमादेवी काठी टेकत उठल्या. "जीप काढ. लातूरला जायचंय. अन् नागसेन, तिथं मी सांगेपर्यंत पिशवी उघडायची न्हाई."

४

गच्चीवरच्या त्या खोलीत भिंतीवर सन्मानपत्राची फ्रेम होती. त्यात चौघांची नावं, सगळ्यात वर कै. साहेबराव. हरिओमनं तिला चंदनाचा हार घातला होता.

हरिओमबद्दल माझ्या मनात कधी वाईट आलं नव्हतं. मुलांना फुकटसुद्धा शिकवणारा माणूस. बुद्धप्रियाला पाहून तो गडबडला, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. उमादेवींनी कार्डाचा विषयच काढला नाही. म्हणाल्या, पोरीला बापाचे शेवटचे शब्द ऐकायचे आहेत. ते तूच ऐकलेस, तूच सांग.

हरिओमनं खाली पाहिलं. मग हळूहळू सांगायला लागला. वेळेवर आले होते साहेबराव, बरोबर साडेपाचला. थकलेले वाटत होते थोडे. पण ठीक आहे म्हणाले.

"आवाज कसा होता त्यांचा?" उमादेवींनी विचारलं.

"साफ होता. नेहमीसारखा. एकोणसाठ दिला मी. हसले पण जरासे."

बुद्धप्रियानं पदराचा बोळा करून तोंडावर धरला. ते ऐकवत नव्हतं मलाही. उमादेवींनी माझ्याकडं पाहून मान हलवली. मी पिशवीतून माइक काढून टेबलावर ठेवला. तुटलेली तार तशीच लोंबत होती. कारागिरानं डाग द्यायला घेतला आणि आम्ही जिलबीच्या नादात तो अर्धवटच उचलून आणला होता.

"त्या दिवशी तीन वाजल्यापासून हा किनवटात होता," उमादेवी म्हणाल्या. "मग साहेबराव हसले कशातून?"

हरिओमनं तुटलेली तार बोटांत धरून पाहिली.

बुद्धप्रियाला कळावं म्हणून उमादेवींनी सावकाश सांगितलं. तोंडानं बोललं तर दर्ज्याचे दोन आकडे लिहितात, शब्द किती कळले आणि आवाज किती जोराचा. मोर्सनं बोललं तर तिसरा आकडा लागतो, सुराचा. आमच्यातल्या नवशिक्यालाही हे पाठ असतं. जपानच्या म्हाताऱ्यानं तीन आकडे लिहिले, कारण त्यानं मोर्स ऐकलं. हरिओमनं दोनच लिहिले, पाच अन् नऊ. साहेबरावांकडं त्या वेळी बोलायचं साधनच नव्हतं.

"ही नोंद भुजंगच्या सांगण्यावरून झाली असती, तर माइक तुटलाय हे त्याला ठाऊक होतं. त्यानं तीन आकडे लिहायला लावले असते. नागसेनचंही तेच. हा एकोणसाठ लिहिणाऱ्याला माइकचं ठाऊक नव्हतं. असा माणूस एकच."

मला तर ते ऐकताना स्वतःचीच लाज वाटत होती. तो बारावा एकोणसाठ माझ्या हातानं अहवालात उतरला होता. उतरवताना माइक माझ्याच घरात, माझ्याच पिशवीत होता. एवढी वर्षं लोकांना हे आकडे शिकवतो मी, आणि मलाच दिसलं नाही.

बुद्धप्रियानं कार्ड हरिओमपुढं ठेवलं. त्यानं वाचलं. मग तो खाली फरशीवर बसला.

"झोप लागली मला," तो म्हणाला. "तेहतीस तास जागा होतो. सवाचारला जरा टेकलो, गजर लावला होता, कधी बंद केला कळलं न्हाई. भुजंगच्या फोननंच जाग आली. घड्याळात पावणेसहा. अकरा कड्या जुळल्या अन् बारावी माझ्यापायी तुटली, हे तोंडातून निघंना. झाली म्हणलो. वाटलं, साहेबराव ठीकच असणार. ते खाली आले की पाया पडून सांगीन, ते हसतील अन् सोडून देतील." त्यानं भिंतीवरच्या हाराकडं पाहिलं. "अन् मग ते गेल्याचा फोन आला. आता कसं सांगू?"

भुजंग दोन पावलं पुढं झाला. उमादेवींनी काठी आडवी धरली.

बुद्धप्रिया मात्र ओरडली नाही. वॉर्डात बोलतात तशा सपाट आवाजात बोलली.

"मला पण रात्रपाळीत डुलकी लागते, हरिओमकाका. समद्यांना लागते. पण उठल्यावर मी आधी पेशंट बघते. न बघता चार्टवर ठीक हाय असं लिहीत न्हाई."

हरिओम उठला, खुर्चीवर चढला आणि सन्मानपत्र भिंतीवरून काढलं. कुणाच्या हातात द्यायचं ते त्याला कळेना. शेवटी त्यानं ते पालथं करून टेबलावर ठेवलं.

५

सन्मान आम्ही परत केला. मी दुसरा अहवाल लिहिला. त्यात हरिओमची झोप लिहिली, त्याचं 'झाली' लिहिलं आणि आमची जिलबीही लिहिली. हरिओमनं तो वाचून सही केली आणि परवाना सोडत असल्याचं पत्र सोबत जोडलं. पुढं पोलिसांकडं जायचं की नाही, ते बुद्धप्रियानं ठरवायचं होतं. तिनं अजून ठरवलेलं नाही. विचारायची माझी हिंमत नाही.

मे महिन्यात तिनं मला घरी बोलावलं. या वेळी जयभीम केला, पाणी दिलं. रेडिओ पोत्यातून निघून टेबलावर आला होता. वर साहेबरावांचा फोटो. टेबलावर त्यांच्या कोऱ्या कार्डांचा डबा उघडा होता, नांदेडचं नाव आणि त्यांचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, छापलेली कार्डं.

"बाबा म्हणायचे, आलेल्या कार्डाला उत्तर दिल्याबगर राहू नये," ती म्हणाली. "काय लिहायचं असतं?"

मी एकेक रकाना सांगत गेलो. तारीख. मोर्स. ऐकणाऱ्यानं दिलेला दर्जा, ३३९. ती वळणदार अक्षरात लिहीत होती. शेऱ्याच्या जागी तिनं मला विचारलं नाही. आधी मराठीत लिहिलं, मग त्याखाली म्हाताऱ्याला कळावं म्हणून इंग्रजीत. अक्षरं सगळी बरोबर आहेत. भाषा मराठी आहे. प्रिया म्हणजे मी. निरोप पोचला.

वेळेचा रकाना तेवढा राहिला होता. तुमचीच वेळ लिहायची का, तिनं विचारलं. मी हो म्हणालो. तिनं १२:०२ लिहिलं. पेन उचललं. मग कडेच्या उरलेल्या बोटभर जागेत बारीक अक्षरात आणखी एक ओळ घातली, की आमच्याकडे तेव्हा संध्याकाळ होती, आणि माझे बाबा एकटे होते असं मला वाटत होतं.